शब्द एक, अर्थ अनेक : चार्ज



या अंकातला धडा एका इंग्रजी शब्दाचा आहे. तो शिकायला आपल्यापैकी कुणी शाळेत गेलेलं नाही, तरी दिवसातून पाच-दहा वेळा तो कानावर पडतो. "मोबाईल चार्जिंगला लाव गं." "नव्या तलाठ्यांनी कालच चार्ज घेतला." "बँकेनं कसला तरी चार्ज कापलाय." "मोर्चावर लाठीचार्ज झाला." "सूनबाईला उद्या डिस्चार्ज मिळणार." शब्द सगळीकडे तोच, अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. बोलताना आपलं काही अडत नाही, कारण पुढचं-मागचं बोलणं ऐकून अर्थ कळतो. अडतं ते कागदावर. कर्जाच्या कागदावर, पासबुकात, सातबाऱ्यावर, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात हाच शब्द येतो, आणि तिथे अर्थ चुकला तर पैसे जातात, कधी जमीनही अडकते. म्हणून हा शब्द नीट उलगडून पाहू.

आधी त्याचं मूळ. लॅटिन भाषेत गाडीला 'कारस' म्हणत. त्यावरून गाडीत माल भरणे, ओझं लादणे या अर्थाचा शब्द झाला. तो फ्रेंच भाषेत गेला आणि तिथून इंग्रजीत 'चार्ज' होऊन आला. म्हणजे चार्जचा मूळचा अर्थ भार घालणे, ओझं चढवणे. बैलगाडीत उसाच्या मोळ्या किंवा कापसाच्या गाठी भरतो ना, तेच. याच गाडीच्या कुळातले आणखी काही शब्द तुमच्या ओळखीचे निघतील. 'कार' तर सरळच आहे. जहाजातून जाणारा माल तो 'कार्गो'. उचलून नेणे म्हणजे 'कॅरी', त्यावरून बाजारातली कॅरी बॅग. मुलं 'करिअर करायचंय' म्हणतात, तो शब्दही गाडीच्या रस्त्यावरून आलेला आहे.

गंमत म्हणजे मराठीनं या शब्दासाठी जे प्रतिशब्द घेतले, त्यांतही ओझंच आहे. साहेबांनी चार्ज घेतला, याला सरकारी कागदात 'पदभार स्वीकारला' किंवा 'कार्यभार घेतला' लिहितात. तात्पुरता चार्ज असलेला अधिकारी 'प्रभारी'. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा 'धनप्रभार' आणि 'ऋणप्रभार' असतो. जमिनीवर बँकेचा चार्ज असेल तर सातबाऱ्यावर 'बोजा' लिहितात. पदभार, प्रभारी, प्रभार, बोजा, सगळीकडे भारच. तेव्हा चार्ज शब्द कुठेही दिसला की मनात एक प्रश्न विचारायचा : इथे कशाचं ओझं, आणि ते कुणावर? उत्तर सापडलं की निम्मा अर्थ कळलाच.

मोबाईलच्या चार्जिंगवर फार बोलायला नको. बंदुकीत दारू ठासायची, त्या भरण्यालाही इंग्रजीत चार्जच म्हणत. पुढे विजेचे प्रयोग सुरू झाले तेव्हा वीज साठवायलाही तोच शब्द वापरला गेला. बॅटरीत वीज भरली की चार्ज, रिकामी झाली की डिस्चार्ज, पुन्हा भरली की रिचार्ज. आता आपण रिचार्ज म्हणतो तेव्हा मोबाईल कंपनीला पैसे भरलेले असतात, बॅटरीचा त्याच्याशी संबंध नसतो. आणि विहीर रिचार्ज, बोअर रिचार्ज म्हणजे पावसाचं पाणी गाळून जमिनीत भरणं, मराठीत पुनर्भरण. हा मराठी शब्द इंग्रजीपेक्षा सोपा आहे, तो सोडू नका.

आता पैशाकडे येऊ, कारण आपल्या गटाचं खरं काम तिथेच आहे.

पैशाच्या बाबतीत चार्ज म्हणजे सेवेबद्दल घेतलेली रक्कम. मराठीत 'शुल्क' किंवा 'आकार'. विजेचं बिल काढून बघा. त्यावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे शब्द छापलेले असतात. हा आकार म्हणजेच चार्ज. स्थिर आकार वीज जाळली नाही तरी लागतो, वीज आकार जितके युनिट तितका, आणि वहन आकार तारांमधून वीज घरापर्यंत आणण्याचा. त्याच बिलात 'वीज शुल्क' वेगळं असतं, तो सरकारचा कर आहे.

पासबुकात जागा कमी असल्यानं हा शब्द तोडून छापतात. 'सीएचजी', 'सीएचआरजी' अशी अक्षरं दिसली की समजायचं, बँकेनं काही शुल्क कापलं आहे. रक्कम बहुतेक वेळा विचित्र वाटते : ११८, १७७, २३६. यात लबाडी नाही. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. १०० रुपये शुल्क असेल तर ११८, १५० असेल तर १७७, २०० असेल तर २३६. शुल्क कशाचं, हे मात्र विचारायचं. एटीएम कार्डाचं वर्षाचं, एसएमएसचं, चेक परत गेल्याचं, खात्यात किमान शिल्लक नसल्याचं, अशी वेगवेगळी कारणं असतात. जनधन किंवा साधं मूलभूत बचत खातं असेल तर किमान शिल्लक ठेवण्याची अटच नाही, त्यामुळे ती नाही म्हणून दंडही नाही. दुसरं कुठलं बचत खातं असलं तरी केवळ या दंडापायी शिल्लक शून्याच्या खाली नेता येत नाही.

कापलेली प्रत्येक रक्कम चार्ज नसते, हेही ध्यानात ठेवा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये किंवा २० रुपये गेले असतील तर ते बहुधा जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते आहेत. ते चुकून गेले म्हणून भांडून बंद करून घेऊ नका. घरात कुणाचा मृत्यू झाला तर याच विम्याचे २ लाख रुपये वारसाला मिळतात. हप्ता भरलेला होता हे घरच्यांना माहीतच नसतं, म्हणून दावा करायचा राहून जातो. पासबुकातली ती ओळ घरच्यांना दाखवून ठेवा.

'चार्ज रिव्हर्सल' असं छापलेलं दिसलं तर ती चांगली बातमी. कापलेलं शुल्क परत जमा झालं. पण हीच बातमी फोनवर कुणी देऊ लागलं तर सावध व्हा. "मॅडम, तुमच्या कार्डाचा वर्षाचा चार्ज कापला जाणार आहे, थांबवायचा असेल तर मोबाईलवर आलेला नंबर सांगा." बँक असा ओटीपी कधीच मागत नाही. सांगितला असेल आणि पैसे गेले असतील तर रडत बसायचं नाही, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

कर्जाच्या कागदावर चार्ज अनेक नावांनी येतो. 'प्रोसेसिंग चार्ज' म्हणजे कर्जाचा अर्ज तपासण्याचं शुल्क. 'पीनल चार्ज' म्हणजे हप्ता चुकल्याचा दंड. 'फोरक्लोजर चार्ज' म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडल्याचं शुल्क. वस्तीवर येऊन कर्ज देणाऱ्या छोट्या कर्जाच्या कंपन्यांकडून घेताना यांवर बोट ठेवून विचारायचं. समजा ४०,००० रुपयांचं कर्ज मंजूर झालं. प्रोसेसिंग चार्ज १ टक्का म्हणजे ४००, त्यावर जीएसटी ७२, आणि विम्याचे ८०० कापले. हातात आले ३८,७२८. पण व्याज आणि हप्ते चालणार पूर्ण ४०,००० वर. म्हणजे जे १,२७२ रुपये आपण पाहिलेही नाहीत, त्यांचंही व्याज भरायचं. बाई विचारते, "व्याज किती टक्के?" आणि तो सांगतो तो आकडा खराही असतो. विचारायला हवं ते हे : "सगळे चार्ज धरून वर्षाला किती टक्के पडतं?"

हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक आणि छोट्या व्यवसायाच्या कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणं रिझर्व्ह बँकेनं बंधनकारक केलं आहे. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा असतो. सगळे चार्ज धरून पडणारा वार्षिक दर त्यात लिहिलेला असतो. त्या कागदात न दाखवलेला चार्ज आपल्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. छोट्या कर्जांच्या बाबतीत, म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जात, मुदतीआधी पैसे फेडले म्हणून दंड घेता येत नाही. आणि हप्ता चुकला तर दंड थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही.

पीनल चार्जचं आणखी एक. पूर्वी दंड व्याजाच्या दरातच मिसळून लावत, मग त्या दंडावरही व्याज चढे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की दंड हा 'चार्ज' म्हणून वेगळा दाखवायचा आणि त्यावर व्याज लावायचं नाही. व्याज आणि चार्ज या दोन शब्दांतल्या फरकानं गरिबाचे किती पैसे वाचतात, ते यावरून बघा.

गटाच्या कर्जाबद्दलही नियम आहेत. लहान रकमेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाला एका मर्यादेपर्यंत कर्जाशी संबंधित सेवा शुल्क किंवा तपासणी शुल्क लावायचं नसतं, आणि बचत गटाच्या बाबतीत ती मर्यादा सबंध गटाला एक अशी न धरता प्रत्येक सभासदामागे धरायची असते. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांना १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही, मार्जिन नाही, आणि गटाच्या बचत खात्यावर 'लीन' लावायचं नाही. १० ते २० लाखांच्या कर्जालाही तारण घ्यायचं नाही आणि बचत खात्यावर लीन लावायचं नाही. हा लीन चार्जचा चुलतभाऊ. पैसे खात्यात दिसतात, पण काढायला गेलं की निघत नाहीत, कारण बँकेनं ते अडवून ठेवलेले असतात. आपली बचत अशी अडकली असेल तर शाखेत लेखी विचारा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीला चार्ज नाही, म्हणजे फुकट.

आता जमिनीचा बोजा. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. पीक कर्ज, पाईपलाईन, ट्रॅक्टर, विहीर, कशासाठीही जमीन तारण दिली असेल तर बँकेचं किंवा सोसायटीचं नाव आणि रक्कम तिथे चढते. यालाच कागदात चार्ज म्हणतात. मालक आपणच असतो, जमीन कसतोही आपणच, पण जमिनीवर ओझं आहे. ती विकायची, वाटणी करायची, दुसरं कर्ज काढायचं म्हटलं की ते ओझं आडवं येतं. घरधनी गेल्यावर वारस नोंद होऊन जमीन बाईच्या नावावर आली, तर तिच्याबरोबर बोजाही येतो. "मी कुठं कर्ज काढलं होतं?" या प्रश्नानं तो उतरत नाही. म्हणून आत्ताच, घरातलं माणूस धडधाकट असताना, एकदा सातबारा काढून तो रकाना वाचा. नवऱ्याला राग येईल अशी भीती वाटत असेल तर विम्याचं किंवा अनुदानाचं निमित्त करा, पण वाचा.

आणि इथेच सगळ्यात जास्त घरं फसतात. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरला, असं धरून चालतात. बहुतेक वेळा तो तसाच राहतो. पाच-सात वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला जावं, तर फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून सातबाऱ्यावर बसलेला. कर्ज फिटलं की बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्यायचं. ते तलाठ्याकडे द्यायचं, अर्जाची पोच घ्यायची, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून डोळ्यांनी बघायचं. ई-हक्क या सरकारी प्रणालीतूनही बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदवलेला चार्ज काढणं हे कर्ज देणाऱ्याचं काम आहे. त्याच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई त्यानं द्यायची असते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

ओझं उतरवणं म्हणजे 'डिस्चार्ज'. कर्जातून मोकळं होणं हाही डिस्चार्ज आणि दवाखान्यातून मोकळं होणं हाही डिस्चार्ज. आपण म्हणतो, "दवाखान्यातून सुट्टी झाली." सुट्टी होताना मिळणारं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. काय आजार होता, कोणतं ऑपरेशन केलं, कोणती औषधं चालू आहेत, पुन्हा कधी दाखवायचं, सगळं त्यावर असतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, जेवण, रक्त, गाडी आणि गरज पडल्यास सिझेरियनसुद्धा मोफत आहे. तिथे 'युजर चार्ज' लागत नाही. कुणी मागितला तर पावती मागा.

पण दवाखान्यात डिस्चार्जचा दुसराही अर्थ आहे, आणि तो बायकांनी माहीत करूनच घ्यावा. डॉक्टरीणबाई विचारतात, "डिस्चार्ज होतो का? वास येतो का? किती दिवस झाले?" इथे घरी जाण्याचा प्रश्न नाही. अंगावर पांढरं जातं का, पू किंवा पाणी वाहतं का, असं त्या विचारत आहेत. लाजून "नाही" म्हटलं तर तपासणी तिथेच थांबते. थोडं पांढरं जाणं नेहमीचं असतं. पण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त दिसणं, यातलं काहीही असेल तर ते सांगितलंच पाहिजे. कानातून येणाऱ्या पाण्याला, जखमेतल्या पुवालाही डिस्चार्जच म्हणतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडतात, तोही डिस्चार्ज. त्याला आपल्याकडे 'विसर्ग' असा नेमका शब्द आहे.

पोलीस आणि कोर्टात चार्ज म्हणजे आरोप. 'चार्जशीट' म्हणजे दोषारोपपत्र. तपास पूर्ण झाल्यावर पोलीस ते कोर्टात दाखल करतात. गुन्हा नोंदवणं वेगळं, दोषारोपपत्र वेगळं आणि शिक्षा आणखी वेगळी. गावात "चार्जशीट झालं" म्हणजे माणूस दोषी ठरला असं बोललं जातं. ते बरोबर नाही. पुढे कोर्ट आरोप निश्चित करतं, मग साक्षी होतात, मग निकाल. आपल्या गटातल्या एखादीनं तक्रार दिली असेल तर प्रथम खबरीची प्रत तिला फुकट मिळायला हवी, आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी तिला ९० दिवसांच्या आत कळवायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात तसं लिहिलेलं आहे.

लाठीचार्जमधला चार्ज हल्ल्याचा. सगळा भार घेऊन अंगावर तुटून पडणे. जंगलाशेजारच्या गावांत वनरक्षक म्हणतात, "अस्वलानं चार्ज केला," तोही हाच.

शेवटी आपल्या घरचा चार्ज, म्हणजे गटाचा. अध्यक्ष-सचिव बदलले की "चार्ज दिला, चार्ज घेतला" म्हणतात, आणि बहुतेक गटांत तो चहाच्या कपावर तोंडी होतो. पेटीची किल्ली दिली की झालं! सहा महिन्यांनी हिशेब जुळत नाही. जुनी म्हणते मी सगळं दिलं, नवी म्हणते मला मिळालंच नाही. दोघी खऱ्या असू शकतात, पण गट मोडतो. म्हणून चार्ज कागदावर द्यायचा आणि सगळ्यांसमोर घ्यायचा. बैठकीत रोकड मोजायची आणि तो आकडा रोकडवहीशी जुळवायचा. बँक पासबुक त्याच दिवशीपर्यंत भरून आणायचं. चेकबुकातले किती चेक शिल्लक आहेत ते मोजायचे, आणि कोरा चेक कुणी सही करून ठेवला असेल तर सगळ्यांसमोर रद्द करायचा. इतिवृत्त वही, बचत-कर्ज खतावणी, शिक्का, मुदत ठेवीची पावती, कर्जाचे कागद, कुणाकडे किती येणं आहे त्याची यादी, हे सगळं नाव घेऊन लिहायचं. खाली दोघींच्या सह्या आणि हजर सभासदांच्या सह्या. मग ठराव करून बँकेत सह्या बदलायच्या. हे शेवटचं काम राहिलं तर वहीत चार्ज नवीकडे आणि बँकेत जुनीकडे, अशी दोरी दोन्हीकडून ओढली जाते. ठरावाची प्रत आणि नव्या बायकांचे ओळखीचे कागद त्याच आठवड्यात शाखेत द्या.

आता थोडा सराव. पुढच्या बैठकीत ही वाक्यं एकीनं मोठ्यानं वाचावी आणि बाकीच्यांनी चार्जच्या जागी मराठी शब्द घालावा. "मॅनेजर रजेवर आहेत, चार्ज जोशी साहेबांकडे आहे." "या शेतावर सोसायटीचा चार्ज आहे." "त्याच्यावर चोरीचा चार्ज आहे." "धरणातून सकाळपासून डिस्चार्ज वाढवलाय." "कर्ज फिटलं, आता चार्ज काढून द्या." आणि येताना प्रत्येकीनं आपलं पासबुक आणावं. ज्या ओळीत 'सीएचजी' किंवा 'सीएचआरजी' असेल तिच्यावर पेन्सिलीनं खूण करावी आणि तो चार्ज कशाचा, हे बँक सखीला विचारावं.